दोन माणसांचं जपान

मोताळ्यात कुणी पासपोर्ट काढला, की दुसऱ्या दिवशी सकाळी नारखेडे काका त्याच्या घरी मोजे तपासायला हजर. हसू नका, माझ्याकडेही आले होते. चहा यायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, मोजे दाखवा." मी दाखवले. डाव्याच्या अंगठ्याला भोक होतं. काकांनी त्यातून बोट बाहेर काढून माझ्या बायकोसमोर धरलं.

"पाहा सूनबाई, हे घालून जपानले जाऊन राह्यले. तिथं पावलोपावली जोडे काढा लागते. गावाची इज्जत आहे का नाही?"

बायको लगेच त्यांच्या पक्षात गेली. ती नेहमी जाते.

काकांची सगळी नोकरी बसस्टँडवरच्या चौकशी खिडकीत गेली. जळगाव जामोदची गाडी कधी, खामगावची कुठं लागते, हे सांगण्यात केस पांढरे झाले. रिटायर झाल्यावर खिडकी सुटली, पण सांगायची सवय काही सुटली नाही. आता ते लोकांना प्रवासाचा कार्यक्रम लिहून देतात आणि जपानला लावून देतात. स्वतः ते फार तर नागपूरपर्यंत गेलेत, आणि तेही त्यांना फारसं पसंत पडलं नाही.

आम्ही नवरा-बायकोनं जपानचं ठरवलं, आणि आमचं घर काकांच्या ताब्यात गेलं.

"एप्रिल सरता सरता जाऊ नका. त्यांच्या साऱ्या सुट्ट्या तवाच येते, सारा देश घराबाहेर निंगते. फुलं पाह्याची असन तर मार्चचा शेवट. आन् फुलं काही मास्तरसाठी थांबत नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "रस्त्यानं कचरापेटी दिसत नाही. थैली जवळ ठेवजा. बिस्किटाचा कागद हॉटेलात येईलोक सांभाळा लागते." तिसऱ्या दिवशी, "मोठी बॅग या हॉटेलातून त्या हॉटेलात परस्पर पाठवता येते, ओझं वाहू नका. रस्सा शाकाहारी दिसला तरी विचारून घेजा, त्यात मासळीचं पाणी राह्यते. आन् रेल्वेत फोनवर बोलाचं नाही. सूनबाई, हे तुमच्यासाठी." माझ्या बायकोची बहीण फोनवर सापडली की तासभर सुटत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

चार दिवसांत मला जपानचा वीट आला. पण काकांना तोंडावर काही बोलवत नाही, कारण त्यांची एकुलती एक लेक, वैशाली, जपानमध्येच राहते. नागोयाला. माझीच विद्यार्थिनी. लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि दर रविवारी ती फोनवर विचारते, "बाबा, कधी येता?" कधी सोयाबीन काढायचं असतं, कधी हरभरा पेरायचा असतो, आणि शेतात काही नसलं की गुडघा दुखतो.

खरं कारण गुडघा नाही. आमच्याकडे जुन्या घरांत एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. वैशालीची आई, सुमनकाकू, ही रीत फार कडक पाळायच्या. "नातवंडाचं तोंड पाहीन, मंग लेकीच्या हातचं जेवीन," म्हणायच्या. वैशालीला मूल झालं नाही. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या, लेकीचं घर न बघताच.

"काका, आता कोण पाळतं हे?" मी एकदा चिडून विचारलं होतं.

"मी कुठं पाळतो? ती पाळे. तिनं सारा जन्म वाट पाह्यली, आन् मी एकटा जाऊन पोटभर जेवू काय?"

परवा संध्याकाळी पाचला आमचा कार्यक्रम घ्यायला त्यांच्याकडे गेलो. फाईल माझ्या हाती देऊन काका चहा ठेवायला आत गेले. वरची दोन पानं आमची. पुढं इतरांची. अगदी तळाशी एक पिवळं पडलेलं पान होतं. नागोया, पंधरा दिवस. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातले भाताचे गोळे. दुपारी स्टेशनाजवळची खानावळ. चहासुद्धा रस्त्यावरच्या मशीनमधला, गरम डबा. पंधरा दिवसांत लेकीच्या घरचा एक घास नाही, एक घोट नाही. रीतही राहील आणि लेकही भेटेल, असा बंदोबस्त या माणसानं कागदावर करून ठेवला होता. टोकियोहून नागोयाची रेल्वे: उजवी खिडकी, सुमन. शेजारी, मी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बर्फाचा डोंगर आला की हिले उठवणे.'

काका चहा घेऊन आले. पान माझ्या हातात बघून खाली बसले.

"काकूंना दाखवलं होतं?"

"हाव. लय खूश झाली. म्हणे, दिवाळी होऊ द्या, मंग जाऊ." कप हातात तसाच राहिला. "मास्तर, साऱ्या तालुक्याचे कार्यक्रम लिहितो मी. पण या पानावरून तिची सीट काढाले हात होत नाही. एका माणसाचं जपान मले येतच नाही."

  मी म्हणालो, "काढूच नका. आमच्यासोबत चला. आणि वैशालीला हे आज कळलं पाहिजे."

"तिले काय सांगसान? बाप येते, पण जेवत नाही?"

"हेच सांगतो," म्हणून मी फोन लावला, स्पीकरवर. काका हातानं नको नको करत होते. मी सगळं सांगितलं, पानावरची ओळ न् ओळ वाचली. तिकडे तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ, मागे फोडणीचा आवाज येत होता. तो बंद झाला. 

"बाबा," वैशाली म्हणाली, "नका जेवू माझ्या घरी. तुम्ही या फक्त. ते पंधरा दिवस मीबी घरी जेवत नाही. तुम्ही जिथं जेवसान, तिथं मी बसीन तुमच्याजोळ."

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि मग चौकशी खिडकीवरच्या जुन्या आवाजात म्हणाले,

"मंग सकाळी आठच्या आत ये. आठनंतर कोपऱ्यावरच्या त्या दुकानात गर्दी होते."