जागेवर नसलेला प्रबंध

निकम सर आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं शोधायला येत नाहीत, लपवायला येतात. संदर्भाचं पुस्तक घरी नेता येत नाही, म्हणून अर्धवट राहिलेलं पुस्तक संध्याकाळी भलत्याच कपाटात सरकवून ते घरी जातात. इतिहास गृहविज्ञानात, समाजशास्त्र कुक्कुटपालनात. कुणी शोधत फिरलं तर म्हणतात, "पळालं नाय ते. विश्रांतीला गेलंय." प्राध्यापकी संपून वर्षं लोटली, तरी सर रोज हजर.

मी पन्नाशीत पीएच.डी. करणारा माणूस. सकाळी ज्युनियर कॉलेजचे तास, दुपारी ग्रंथालय, आणि घरी गेल्यावर बायकोच्या चेहऱ्याकडे बघायची चोरी. मुदतवाढ मागून मागून तोंड दुखलंय. माझा विषय येवल्याच्या विणकर स्त्रिया, आणि त्यावरचा एकुलता एक जुना प्रबंध निकम सरांचा. संगणक म्हणायचा, 'उपलब्ध'. कपाटात मात्र त्या जागी नुसती फट.

"सर, तुमचाच प्रबंध हवाय."

"जुना झाला तो. दुसरं काही वाचा, शेवाळे."

"दुसरं नाहीच ना."

"मग विषय बदला."

शेवटी तो मला कुक्कुटपालनात सापडला. तो माझ्या हातात बघून सर लगबगीने जवळ आले. "ऋणनिर्देश तेवढा वाचू नका," म्हणाले.

अर्थात मी आधी तोच वाचला. मार्गदर्शकांचे आभार होते. वेळोवेळी दिलेल्या चहाबद्दल मार्गदर्शकांच्या पत्नीचे होते. कागद आणून दिल्याबद्दल मेव्हण्याचे होते, टंकलेखकाचे होते, कॉलेजच्या शिपायाचेही होते. सरांच्या पत्नीचे नव्हते.

"सगळा प्रबंध तिनं सुवाच्य अक्षरात उतरवून दिला हो," सर म्हणाले. "स्वयंपाक आवरून बसायची. आणि चहा तरी कुठला? ते मार्गदर्शकच आमच्याकडे येऊन प्यायचे. घाईत राहून गेलं. आता ती म्हणते, एकदा दाखवा तरी. मी सांगितलंय, घरची प्रत वाळवीनं खाल्ली आणि इथली सापडत नाही."

मी हसणार होतो. मग घरी शेवटचे कुणाचे आभार मानले ते आठवून पाहिलं, आणि हसू आलं नाही.

काही आठवड्यांनी सर पत्नीला घेऊनच आले. गंगापूर रोडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दोघं परस्पर आली होती. बाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा. सर माझ्या कानाशी लागले, "बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलंय. आज अक्षर दिसणार नाय तिला. काढा तो प्रबंध."

बाईंनी प्रबंध हातात घेतला, जड आहे का ते पाहिलं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला. सर खुशीत आले. तेवढ्यात बाईंनी तो माझ्यापुढे धरला.

"भाऊ, तुम्ही वाचा. ते आभाराचं पान."

सर पंख्याकडे बघायला लागले. मी वाचलं. मार्गदर्शक झाले, चहा झाला, शिपाई झाला. पान संपलं, तरी मी वाचतच राहिलो. "माझ्या पत्नीच्या साथीशिवाय हे काम तडीस गेलं नसतं."

"नाव लिहिलंय का तिचं?" बाईंनी विचारलं.

मला नाव माहीतच नव्हतं. सर कायम 'आमच्या घरी' म्हणायचे. माझे कान तापले.

"राहू द्या," बाई हसल्या. "टाइप होऊन आलेली पानं मीच ताडून पाहिली होती. माझ्या भावाचं आडनाव चुकलं होतं, ते नीट करून दिलं मी."

सरांनी पंख्यावरची नजर खाली आणली. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा सरांचा आवाज कुठे गेला कोण जाणे. हळूच म्हणाले, "काय लिहायला हवं होतं गं?"

"काही नको. नुसतं नाव."

त्यांच्या पिढीतल्या माणसाला चारचौघांत बायकोचं नाव घेणं जड जातं. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला.

"कमल," ते म्हणाले.

पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने मान वर न करता "शूऽ" केलं. सरांना ते ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने.