दिगंबर सांबराची जागच्या जागी धावणारी गाडी

एका जंगलात, बाळांनो, दिगंबर नावाचं एक सांबर राहत होतं आणि त्याच्याकडे एक लाल स्पोर्ट्स कार होती. जंगलात कार कुठून आली, असं विचारू नका. तुमच्या दप्तरात मोबाइल कुठून आला, हे मी विचारलं का?

गाडी दोन सीटची होती. वर छप्पर नव्हतं. असतं तर दिगंबरची शिंगं मावली नसती. रोज सकाळी दिगंबर आणि त्याची बायको सुलोचना घाटरस्त्याने एक चक्कर मारून यायची. गाडी वळणं घ्यायची, इंजिन चढत्या सुरात गायचं, सुलोचनाचे कान मागे उडायचे आणि दोघंही कारण नसताना हसत सुटायची.

या इंजिनाला टर्बो नव्हता. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. दिगंबरचं इंजिन आपला श्वास आपणच घ्यायचं, तुमच्याआमच्यासारखं.

मग एके सकाळी पाणवठ्यावर रंगराव गवा भेटला. रंगरावाच्या गाडीला टर्बो होता, आणि तोही एक नाही, दोन. त्याने लाल गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "किती हॉर्सपॉवर?"

दिगंबरला ठाऊक नव्हतं. गाडी छान पळते, एवढंच तो म्हणाला.

रंगराव हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान हलवली, आजारी जनावराकडे बघून हलवतात तशी, आणि तो निघून गेला.

त्या दिवशी दिगंबरने पाल्याला तोंड लावलं नाही. सुलोचनाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला की इतकी वर्षं आपण नक्की किती वेगाने सुखी होतो, हे आपल्याला माहीतच नाही.

आता घाटाच्या पायथ्याशी इंदूताई मुंगसीणबाईंचं गॅरेज होतं. तिथे नुकताच डायनो आला होता. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले दोन जाडजूड लोखंडी रूळ. गाडीची मागची चाकं त्या रुळांवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी घट्ट बांधायची आणि अॅक्सिलरेटर दाबायचा. चाकं फिरतात, रूळ फिरतात, गॅरेज थरथरतं, गाडी मात्र तसूभर हलत नाही. आणि इंजिनात किती घोड्यांचं बळ आहे, ते पडद्यावर दिसतं.

त्या जंगलात घोडा कोणी पाहिलेला नव्हता. तरीही आकडा घोड्यांतच हवा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. दोन-तीन माकडांनी बॉनेट उघडून आत डोकावूनही पाहिलं.

पहिला आकडा आला एकशे बेचाळीस. दिगंबरचा चेहरा उतरला, कारण गाडीसोबत आलेल्या पुस्तकात एकशे साठ छापले होते. मधले अठरा घोडे कुठे गेले, असं त्याने विचारलं.

"वाटेत खाल्ले," इंदूताई म्हणाल्या. "गिअर थोडे खातात, शाफ्ट थोडे खातो, टायर थोडे खातात. वरून निघालेलं सगळं खाली पोचलं, असं कुठल्या जंगलात झालंय?"

पण बाई हुशार होत्या. त्यांनी लॅपटॉप उघडला. हवेत पेट्रोल किती मिसळायचं, ठिणगी नेमकी केव्हा टाकायची, याची जुळवाजुळव केली. हवा आत घेणारं नळकांडं बदलून मोठं बसवलं. पुन्हा गाडी चालवली. इंजिन असं काही किंचाळलं की बाहेरच्या वडावरची वटवाघळं भर दुपारी उठून बसली.

एकशे सत्तेचाळीस.

दिगंबर नाचला. माकडं नाचली. का नाचायचं हे ज्यांना कळलं नाही, तीही नाचली.

मग इंदूताईंनी सांगितलं की हे इंजिन स्वतः श्वास घेणारं, त्यामुळे हवा जितकी गार, तितकी दाट, आणि तितकं बळ जास्त. लगेच भालचंद्र हत्तीला बोलावणं गेलं. तो गॅरेजच्या उघड्या दारात, गाडीच्या थेट समोर उभा राहिला आणि कानांनी वारा घालू लागला. आकडा दोनाने वाढला. आपल्या कानांचा असा उपयोग आजवर कोणी केला नव्हता, म्हणून भालचंद्राला गहिवरून आलं.

आता सगळं जंगल गॅरेजात जमू लागलं. पिल्लं शाळेतून परस्पर तिकडेच येत. रोज नवा आकडा, रोज नवा नाच. कोल्हे वाटेतच एकमेकांना अर्ध्या घोड्याची बातमी सांगत.

सुलोचना रोज सकाळी यायची आणि चक्कर मारायला जाऊ या का, असं विचारायची. दिगंबर म्हणायचा, अगं, आत्ता कुठे? रस्त्यावर धूळ असते. इंजिनाच्या नाकात जाते.

एक दिवस माकडांनी सुचवलं की बाजूची सीट काढून टाकली तर वजन कमी होईल. इंदूताईंनी समजावलं की गाडी रुळांवर उभी असताना वजनाचा काही संबंध नाही, आकडा त्याने हलणार नाही.

दिगंबरने तरीही सीट काढली.

ती सुलोचनाची सीट होती. दुसऱ्या दिवशी ती आली, रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि काही न विचारता भिंतीशी जाऊन उभी राहिली.

अखेर मोठा दिवस उजाडला. एकशे पन्नासचा पल्ला गाठायचा होता आणि खास पाहुणा म्हणून रंगराव गवा हजर होता. दिगंबरला रंगरावाशेजारी उभं राहून आकडा डोळ्यांनी पाहायचा होता. मग अॅक्सिलरेटर कोण दाबणार?

"मी दाबते," सुलोचना म्हणाली.

ती गाडीतल्या एकुलत्या एक सीटवर बसली. इंदूताईंनी तिला सांगितलं की माझं शेपूट वर होईपर्यंत पाय उचलायचा नाही. भालचंद्राने कान पसरले. सुलोचनाने पाय दाबला.

इंजिन गुणगुणलं, मग गायलं, मग त्याने असा सूर लावला की ऐकणाऱ्यांच्या पोटात गुदगुल्या झाल्या. आणि त्या सुरात ताडकन दोन्ही पट्टे तुटले.

हत्ती उडी मारू शकत नाही, असं तुमच्या पुस्तकात लिहिलं आहे. भालचंद्राने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो थेट जांभळीच्या झाडात जाऊन पडला, आणि त्याने रिकाम्या केलेल्या दारातून लाल गाडी सुसाट घाटाकडे निघून गेली.

हे फक्त भालचंद्राने पाहिलं. बाकी सगळे पडद्याकडे बघत होते. पडद्यावर एकशे एक्कावन्न आलं होतं. रंगरावाने दिगंबरला मिठी मारली. गाडी नाही, हे बऱ्याच वेळाने, तिच्यासोबत फोटो काढायच्या वेळी लक्षात आलं.

सुलोचना उन्हं चढल्यावर परतली. कानांत पानं अडकलेली, डोळे चमकत होते. इंदूताईंनी इंजिनाचं सोनं केलंय, असं ती म्हणाली. वरच्या वळणावर तर ते असं गातं की माणूस वेडा होईल.

दिगंबरने विचारलं, "आकडा किती आला?"

"बघितला नाही. रस्त्याकडे बघत होते."

सगळे हळहळले. म्हणजे एवढी चक्कर फुकट गेली.

सुलोचनाने नवऱ्याकडे पाहिलं. "चला म्हटलं असतं," ती म्हणाली, "पण बसायला जागा नाही." आणि तिने गाडी वळवली.

तेव्हापासून रोज सकाळी ती एकटीच घाटात जाते. दिगंबर दोन दिवस रिकाम्या रुळांकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच रुळांवर चढला आणि धावू लागला. इंदूताईंनी त्याला बांधलं. भालचंद्राने वारा घातला. आकडा आला पाऊण घोडा. जंगलाने जल्लोष केला. मग रंगराव चढला, मग कोल्हे चढले, आणि आता तिथे सकाळपासून रांग असते. सगळे घामाघूम, सगळे आनंदात, कोणी कुठेही जात नाही.

तात्पर्य: बाळांनो, रस्त्यावर खड्डे असतात, वळणं असतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे रस्ता कुठेतरी जातो. म्हणून शहाण्याने जागच्या जागीच धावावं. आणि आपली गाडी, ती चालवायला ज्यांना आवडतं अशा कोणाच्या हाती चुकूनही देऊ नये.