भिंतीपलीकडचा ‘हूं’

कानसेनांनी त्या आठवड्यातला चौथा तक्रारअर्ज लिहायला घेतला, तेव्हा बायकोनं चहाचा कप मुद्दाम कागदावरच ठेवला.

“अहो, बसा की जरा स्वस्थ! सकाळपासून खिडकी ते दार, दार ते खिडकी. फरशी झिजायला आली.”

“तुला हे ऐकू येत नाही?”

“येतं. मी लक्ष देत नाही.”

“मी तरी कुठं देतोय? ते आपणहून कानात शिरतं!”

‘हे’ म्हणजे डेटा सेंटरचा आवाज. सहा महिन्यांपूर्वी गल्लीच्या टोकाला, शाळेच्या भिंतीला लागून, एक बिनखिडक्यांची करडी इमारत उभी राहिली. आत म्हणे साऱ्या दुनियेचे फोटो आणि निरोप साठवलेले असतात, ती यंत्रं तापतात, आणि त्यांना गार ठेवायला छपरावर अष्टौप्रहर पंखे फिरतात. त्या पंख्यांचा एकसुरी ‘हूंऽऽ’ घराघरांत पोचत होता. गल्लीनं चार दिवस कुरकुर केली आणि मग नाद सोडला. कानसेनांना तो सोडता येईना. चाळीस वर्षं त्यांनी पियानो जुळवले होते, तेही निव्वळ कानावर. ठोकला की नेमका एकच सूर देणारा नादकाटा ते बाळगत, पण कपाटात. नादकाटा लागतो तो नवशिक्यांना, असं त्यांचं मत होतं आणि ते कुणीही न विचारता सांगत.

सेंटरचा तरुण इंजिनिअर दर अर्जाला मीटर घेऊन यायचा.

“काका, आवाज मर्यादेत आहे. मला तर काहीच ऐकू येत नाही.”

“मग कान तपासून घ्या. तो तिसरा पंखा तर जरा चढाच लागतो.”

इंजिनिअर हसू दाबून निघून जायचा आणि कानसेन कानांत कापूस कोंबून पुन्हा येरझाऱ्या घालायला लागायचे.

घरात काळजी खरी दुसरीच होती. त्यांची मुलगी शेजारच्याच शाळेत गाणं शिकवायची, पण तात्पुरत्या नेमणुकीवर. शनिवारी समूहगानाच्या स्पर्धेचे परीक्षक शाळेत येणार होते. पहिला नंबर आला तर नेमणूक कायम, नाहीतर सुट्टीनंतर नवी बाई, असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलं होतं. शाळेचा पियानो महिन्यापूर्वी कानसेनांनीच जुळवून दिला होता. पियानोनं पहिला सूर द्यायचा, मग तीन मिनिटं मुलांनी वाद्याशिवाय गायचं, आणि शेवटी पियानोचा सूर पुन्हा वाजला की दोन्ही जुळायला हवेत. मुलं रोज बिनचूक जुळवत होती.

गुरुवारी दुपारी अघटित घडलं. कंपनी अर्जांना कंटाळली आणि तिनं सगळ्या पंख्यांवर आवाज दाबणारी झाकणं बसवली. ‘हूं’ गेला. कानसेन खुर्चीत बसले ते तिथंच घोरायला लागले.

शुक्रवारी मुलगी रडकुंडीला येऊन घरी आली.

“बाबा, आज मुलांचा सूर राहतच नाहीये! दर कडव्याला खाली घसरतायत. शेवटी पियानो एकीकडे नि मुलं भलतीकडे!”

“धास्ती घेतली असेल पोरांनी.”

“पोरं मजेत आहेत. धास्ती मी घेतलीय!”

कानसेन शाळेत गेले. मुलं गायली आणि खरंच घसरली. पुन्हा गायली, पुन्हा घसरली. त्यांनी पियानोवर बोट ठेवलं आणि तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. घरी जाऊन त्यांनी नादकाटा आणला, कुणी बघत नाही असं पाहून गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. पियानो चढा होता. थेट तिसऱ्या पंख्याइतका चढा.

सहा महिने कानात बसलेल्या त्या भुणभुणीवर त्यांनी पियानो जुळवला होता! मुलांचंही तेच झालं होतं. भिंतीपलीकडून आयता सूर मिळत होता, त्याला धरून ती गात होती. आधार कुणी काढून घेतला होता? कानसेनांनी, त्रेचाळीस अर्ज करून.

ते तसेच सेंटरच्या दारात जाऊन उभे राहिले.

“ती झाकणं काढा.”

इंजिनिअरनं सवयीनं त्यांच्या अर्जांची फाईल काढली होती. “काका, तुम्हाला बरं आहे ना?”

“फक्त उद्या अकराला. तीन मिनिटं. नुसता तिसरा पंखा.”

“अर्ज द्या. वरून परवानगी यायला तीन आठवडे लागतील.” मग फाईलवर हात ठेवून तो म्हणाला, “आणि तुमचे आधीचे त्रेचाळीस अर्ज मागे घ्यावे लागतील. एकेक करून.”

शनिवारी पावणेअकराला कानसेन आणि त्यांची बायको संगीतवर्गाच्या खिडकीखाली, शाळेच्या मागच्या बाजूला बसले होते. समोर पाण्याचं रिकामं पिंप होतं.

“यात तोंड घालून ‘हूं’ करायचं,” कानसेन कुजबुजले. “माझा दम संपला की मी चिमटा काढेन, मग तू धर.”

“मी? लग्न झाल्यापासून मला गुणगुणू दिलं नाहीत. बेसूर आहे म्हणालात!”

“हे गाणं नाहीये. पंखा आहे. पंखा तुला जमेल.”

आत पियानो वाजला. कानसेनांनी पिंपात डोकं घातलं आणि ज्या सुराशी त्यांनी सहा महिने उभा दावा मांडला होता, तो जसाच्या तसा लावला. जगात दुसऱ्या कुणाला तो इतका अचूक येत नव्हता. मुलं गायला लागली आणि सूर हलला नाही. चिमटा बसला, बायकोनं पुढं धरला. कानसेन थक्क झाले. तिचा ‘हूं’ त्यांच्यापेक्षा सरस होता.

तिसऱ्या कडव्याला शाळेचा शिपाई आला. त्या वेळी डोकं कानसेनांचं आत होतं.

“काय चाललंय? कोण आहे त्या पिंपात?”

“आमचे हे,” बायको म्हणाली. “चष्मा पडलाय.”

“मग कण्हतायत का?”

“गुडघे दुखतात हो त्यांचे. वय झालं आता.”

कानसेनांना त्याही स्थितीत राग आला, पण त्यांनी सूर सोडला नाही. आत गाणं संपलं, पियानो वाजला आणि सगळं एकात एक मिसळून गेलं. खिडकीखाली दोघं भिंतीला टेकली. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कानसेनांना एवढा आनंद झाला होता, की त्यांनी शिपायाचाच हात हातात घेतला.

शाळेचा पहिला नंबर आला. मुलीला कायम नेमणुकीचं पत्र मिळालं. मात्र परीक्षकांनी अहवालात एक ओळ घातली होती: ‘शेजारच्या डेटा सेंटरच्या असह्य आवाजातही मुलांनी सूर राखला, हे विशेष.’ सोमवारी ती ओळ कंपनीच्या वरच्या साहेबांपर्यंत पोचली आणि संध्याकाळी इंजिनिअर कानसेनांच्या दारात हजर झाला.

“काका, मी तर वेडाच व्हायला आलोय. झाकणं पक्की आहेत, मीटर शून्यावर आहे, तरी तिघा परीक्षकांनी आवाज ऐकला. साहेब म्हणतात, आवाज नसेल तर परीक्षकांना जाब विचारतो, शनिवारी तिथं काय वाजत होतं त्याचा छडाच लावतो!”

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी पत्र हातात घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला.

“तुमच्यासारखा कान गावात दुसरा नाही,” इंजिनिअर म्हणाला. “तुम्ही सांगाल ते लिहून देतो. आवाज येतोय का?”

कानसेनांनी खिडकीबाहेर पाहिलं. गल्ली शांत होती. इतकी शांत की पलीकडच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. सहा महिने ते या माणसाला खरं तेच सांगत आले होते आणि त्यानं एकदाही मानलं नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, घसा साफ केला.

“येतोय,” ते म्हणाले. “तिसरा पंखा. जरा चढाच.”

इंजिनिअरनं मीटर बाजूला ठेवलं, खिडकीशी गेला आणि डोळे मिटून बराच वेळ कान देऊन उभा राहिला. हळूहळू त्याच्या कपाळावर आठी पडली.

“हो की हो, काका,” तो म्हणाला. “बारीक आहे, पण येतोय खरा.”