ग्रंथपालांचा हॉर्न

गाडीचा हॉर्न वाजत नाही, हे ग्रंथपालांना तपासणीच्या आदल्या दिवशी कळलं. त्याआधी कळायला काही मार्गच नव्हता, कारण कित्येक वर्षांत त्यांनी तो वाजवलाच नव्हता. कुणी आडवं आलं, तर ते गाडी थांबवून त्याचं आवरेपर्यंत वाट बघत. निवृत्त होईपर्यंतची सगळी नोकरी लोकांना ‘हळू बोला’ सांगण्यात गेली होती, आणि तेही त्यांनी इतक्या हळू सांगितलं होतं की पुष्कळांना ऐकूच गेलं नव्हतं.

गाडी बायकोच्या भाचीला द्यायची होती. भाचीला शेजारच्या गावात परिचारिकेची नोकरी लागली होती आणि तिच्या ड्यूटीच्या वेळेला बस नव्हती. पण सरकारी वाहन-तपासणीत पास झाल्याशिवाय गाडी तिच्या नावावर होणार नव्हती.

“पोरगी सोमवारी रुजू होतेय,” बायको म्हणाली. “तुमच्या गाडीला कंठ फुटायला हवा.”

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने फोन कानाला लावून, कुणाशी तरी भांडत भांडत नवा हॉर्न बसवून दिला. “काका, पलीकडच्या गल्लीतलेसुद्धा बाजूला होतील,” तो म्हणाला.

सकाळी नवरा-बायको तपासणीला निघाले. पहिल्याच वळणावर ग्रंथपालांनी ब्रेक दाबला आणि गाडी ठणाणा बोंबलली. पुढचा सायकलवाला दचकून भिंतीला टेकला.

“तुम्ही वाजवलात?” बायकोने विचारलं. आवाजात थोडं कौतुकही होतं.

“मी फक्त ब्रेक दाबला.”

पुढच्या वळणावर तेच झालं. ब्रेक दाबला की हॉर्न, सोडला की शांतता. परत फिरावं, तर तपासणीची वेळ हुकली असती आणि पुढची थेट पुढल्या आठवड्यात मिळाली असती. ग्रंथपाल ब्रेक शक्यतो न लावता, बैलगाडीच्या वेगाने चालवू लागले.

पण चौकात लाल दिवा लागला, आणि तिथे नेमका उतार होता. ब्रेकवरचा पाय काढला की गाडी पुढच्या स्कूटरवर जायची. दाबून धरला की हॉर्न अखंड वाजायचा. स्कूटरवाल्याने मागे वळून दिव्याकडे बोट दाखवलं. ग्रंथपालांनी हात जोडले. मागच्यांना वाटलं हा कुणावर तरी डाफरतोय, म्हणून त्यांनीही वाजवायला सुरुवात केली. शेवटी बायको खाली उतरली आणि एकेका गाडीच्या खिडकीशी जाऊन सांगू लागली, “भाऊ, राग मानू नका. ते हॉर्न वाजवत नाहीयेत, ते थांबलेत.”

एवढ्यात वाहतूक पोलीस येऊन गाडीपुढे उभा राहिला.

“हॉर्न बंद करा.”

“मग गाडी पुढे जाईल.”

“जाऊ दे.”

“पुढे तुम्ही उभे आहात.”

पोलीस बाजूला सरकला. मग खिडकीतून डोकावत म्हणाला, “काका, हँडब्रेक आहे ना?”

घाबरून गेल्यामुळे ग्रंथपालांना तो आठवलाच नव्हता. त्यांनी तो ओढला. चौक शांत झाला आणि ग्रंथपालांचे कान लाल झाले.

तपासणीच्या आवारात अधिकाऱ्याने हॉर्न वाजवायला सांगितलं. उत्तम वाजला. मग तो म्हणाला, “ब्रेक दाबा.”

पुन्हा हॉर्न.

“ब्रेक म्हणालो मी.”

“ब्रेकच दाबलाय.”

अधिकाऱ्याने स्वतः बसून पाहिलं आणि कपाळ चोळत उतरला. “दोन्ही चालतात, पण वेगवेगळे चालायला हवेत. दुरुस्त करून जेवणाच्या सुट्टीनंतर रांगेत लागा. आजच बघतो.”

बायकोने फोनवर इलेक्ट्रिशियनला असं काही सुनावलं की तो अर्धा डबा तसाच टाकून मोटारसायकल दामटत आला. “दोन वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या,” असं खाली बघत पुटपुटला आणि काम करून निघून गेला.

दुपारी पत्र्याच्या शेडखाली रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. त्यांचा नंबर जवळ आला, तेवढ्यात एक चकचकीत मोटार बाजूने येऊन त्यांच्यापुढे घुसली. आतला माणूस फोनमध्ये डोकं घालून बसला. बायकोने सवयीने नवऱ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. आता ‘जाऊ दे, घाई असेल बिचाऱ्याला’ येणार, हे तिला ठाऊक होतं.

ते आलं नाही. हॉर्न आला. लांबलचक, न थांबता. सगळी रांग वळून बघू लागली. चकचकीत मोटारीतल्या माणसाने फोन खाली ठेवला, काचेतून मागे पाहिलं आणि गाडी निमूटपणे बाहेर काढली.

अधिकारी वैतागून जवळ आला. “अजून दुरुस्त नाही झाला?”

“झालाय,” ग्रंथपाल म्हणाले. “आता मी वाजवला.”