जाकिटाखाली काय आहे?

छातीला चिकटवलेल्या पट्ट्या, पट्ट्यांना वायरी आणि वायरींच्या टोकाला साबणाच्या वडीएवढं यंत्र, अशा थाटात हर्षित मोहन्याहून डोंबिवलीला मुलगी बघायला निघाला.

गेले दोन महिने त्याच्या हृदयाचा एखादा ठोका मध्येच चुकत होता. सव्विसाव्या वर्षी हृदयाला हे काय सुचलं, याचं त्याला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त होतं. डॉक्टर म्हणाले, तरुण पोरांत हे बऱ्याचदा दिसतं, बहुतेक वेळा त्यात काही नसतं, पण एकदा बघून घेऊ. त्यासाठी पुरता एक दिवस हे यंत्र अंगावर बाळगायचं, नेहमीसारखं वागायचं आणि ठोका चुकल्यासारखा वाटला की बटण दाबायचं. यंत्राचा नंबर लागला तो नेमका शनिवारी, आणि बघण्याचा कार्यक्रमही शनिवारीच ठरलेला.

तुळसाबाईंनी, म्हणजे हर्षितच्या आईने, फार विचार केला नाही. काढता येत नाही ना, मग झाकायचं. पोराच्या हृदयात काही आहे असं कळलं तर स्थळ हातचं जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. हर्षितला ही लपवाछपवी आवडली नव्हती. पण जागृतीशी तो दोनदा फोनवर बोलला होता, दोन्ही वेळा फोन ठेवावासा वाटला नव्हता. म्हणून भर मे महिन्यात त्याने शर्टावर जाड जाकीट चढवलं आणि घामाने निथळत तो गोविंदशेठच्या दिवाणखान्यात जाऊन बसला.

गोविंदशेठ म्हणजे जागृतीचे वडील. त्यांच्या आजोबांनी खाडीकाठी मीठ पिकवलं. त्याच जमिनीवर आता त्यांची पाच मजली इमारत उभी होती. लग्नानंतर पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट लेकीजावयाला द्यायचा, असं त्यांनी मध्यस्थाकडून आधीच कळवलं होतं. त्यामुळे बोलणं सहजच इमारतीवर आलं. शेठ अभिमानाने वरच्या मजल्यांबद्दल सांगत होते, तेवढ्यात हर्षितचा ठोका चुकला. त्याने हळूच जाकिटात हात घातला आणि आतून आवाज आला, ‘टुक्’.

शेठ थांबले. मग त्यांनी गच्चीचा विषय काढला. पुन्हा हात आत, पुन्हा ‘टुक्’. आता शेठचं लक्ष हर्षितच्या कॉलरमधून डोकावणाऱ्या वायरीकडे गेलं. मुलगा ठाण्यात ऑफिसात आहे एवढंच त्यांना माहीत होतं. कुठल्या ऑफिसात, हे विचारायचं राहून गेलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला, पंखा पाचवर असताना.

“ताई,” त्यांनी आवाज खाली आणून तुळसाबाईंना विचारलं, “पोराच्या जाकिटाखाली काय हाय?”

तुळसाबाईंच्या हातातली पोह्यांची बशी कलंडली. डॉक्टरांचं नाव काढायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी घोकलं होतं. त्या म्हणाल्या, “काय नाय ओ शेठ. उद्या काढायचंय ते. सोमवारी मोठे साहेब बघतील आणि पुढचं काय ते सांगतील.”

एवढं ऐकल्यावर गोविंदशेठला शंकाच उरली नाही. स्थळाच्या नावाखाली कोणीतरी आपलं बोलणं टिपायला सापळा लावला आहे. त्यांनी आधी मुलीकडे, मग छताकडे पाहिलं. नंतर ते उठले, हर्षितसमोर वाकले आणि थेट त्याच्या छातीशी तोंड नेऊन, फोनवर बोलावं तसं मोठ्याने बोलू लागले.

“साहेब, मी गोविंदा बोलतोय. खालचे तीन मजले परवानगीचे हायत. वरचे दोन नाय. पण अर्ज टाकलेला हाय, आणि आख्ख्या आळीत मी काय एकटा नाय.”

हर्षितला हे सहन होईना. वडिलांच्या वयाचा माणूस आपल्या बरगड्यांना कबुली देतोय आणि आपण गप्प बसायचं? त्याने आईकडे न बघता जाकीट उघडलं, यंत्र दाखवलं आणि ठोके चुकण्याची सगळी हकिगत सांगून टाकली. आता स्थळ गेलं, हे तो धरूनच चालला होता. तुळसाबाईंनी डोळे मिटून घेतले.

गोविंदशेठ मात्र सोफ्यावर बसले ते हसतच. “फक्त हृदय ना?” ते म्हणाले. “मग त्यात काय एवढं!” त्यांनी पोह्यांची दुसरी फेरी मागवली. जावयाचं हृदय त्यांना एकदम पसंत पडलं होतं.

इतका वेळ जागृती हे सगळं बघत होती. ती खुर्ची पुढे ओढून यंत्र न्याहाळू लागली. “ठोका चुकतो तेव्हा नेमकं वाटतं कसं?”

दोन महिन्यांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर ‘किती वेळा चुकतो?’ एवढंच विचारायचे, आई ‘काय खाल्लंस?’ एवढंच. हर्षितने जरा विचार केला. “लिफ्ट खाली निघताना पोटात होतं ना, तसं छातीत. मग एक ठोका जोरात येतो, राहिलेला भरून काढल्यासारखा.”

तिने मान डोलावली. त्याला फार हलकं वाटलं.

लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हटल्यावर तुळसाबाईंच्याही जिवात जीव आला, आणि त्यांचं डोकं चालू लागलं. पाचवा मजला म्हणजे परवानगी नसलेल्या दोन मजल्यांपैकीच की. त्यांनी बशी बाजूला ठेवली. “आमचा रिपोर्ट सोमवारी येतोय, शेठ. तुमच्या मजल्यांचा कधी येणार?”

शेठनी पोह्यांची बशी पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली, तुळसाबाईंनी ती परत मागे सारली. जमत आलेलं पुन्हा फिसकटणार असं दिसू लागलं.

जागृती हर्षितकडे वळली. “ठाकुर्लीला भाड्याने बरी घरं मिळतात,” ती म्हणाली. “आपण बघू या.”

तिच्या त्या ‘आपण’चा अर्थ मोठ्या माणसांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. हर्षितला मात्र तो लगेच कळला.