सत्तारभाईंच्या तेलाचा कायदा

पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी जाऊन "मले पकडता का नाई?" असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी सत्तारभाई. तेलाची नवी बाटली आली की ते ती घेऊन ठाण्यात हजर होतात आणि साक्षीदार म्हणून मला नेतात. मी शाळामास्तर आणि माझ्याकडे मोटरसायकल आहे, एवढीच माझी पात्रता.

सत्तारभाई वजनकाटे दुरुस्त करतात. मूल गावापासून सिंदेवाहीपर्यंत अशी राईस मिल नसेल जिच्या काट्याला त्यांनी शिव्या घातल्या नाहीत. जन्मभर काट्यांवरचे सरकारी शिक्के पाहिल्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूवर कुठेतरी शिक्का असणारच, अशी त्यांची श्रद्धा आहे. टरबूजसुद्धा उलटं करून पाहतात. "हो का नाई, येक सांगा," हे त्यांचं पालुपद. त्यामुळे सोयरीक जुळवायला त्यांना कोणी बोलावत नाही.

अशा माणसाने मोबाइलवरून भांगेच्या झाडाचं तेल मागवलं. सीबीडी म्हणतात त्याला. नशा येत नाही, दुखणं जातं, असं बाटलीवर छापलेलं. "माह्या गुडघ्यासाठी," असं त्यांनी मोहल्ल्यात जाहीर केलं. त्यांचे गुडघे असे की ट्रकच्या काट्याखालच्या खड्ड्यात ते शिडीशिवाय उतरतात.

तेल आलं आणि सत्तारभाईंची झोप उडाली. हे कायद्यात बसतं का? मेडिकलवाला म्हणाला, आयुर्वेदिक आहे, बिनधास्त घ्या. वकील म्हणाले, पान चालतं, फूल चालत नाही. तुमचं तेल कशाचं, ते काढणाऱ्याला विचारा. एका कचेरीने हा विषय दुसऱ्या खात्याचा ठरवला, दुसऱ्या खात्याने पहिल्याचा. कंपनीच्या फोनवरची मुलगी मात्र ठाम होती. शंभर टक्के लीगल, आणि दोन घेतल्या तर तिसरी फुकट. ज्याला विकायचं होतं, त्या एकालाच कायदा पाठ होता.

त्यात एक बाटली गुणकारी निघाली आणि पुढची नुसतं खोबरेल. बाहेरची अक्षरं तीच. सत्तारभाई भडकले. "माह्या काट्यात येवढा फरक निघाला असता त मले दुकान लावू दिलं असतं का? काय भरायचं, किती भरायचं, येक नियम करून टाका ना भाऊ. नाईतर बंद करा." सरकार तिथे हजर नसल्यामुळे हे सगळं मलाच ऐकावं लागलं.

जुने ठाणेदार त्यांना चहा पाजून परत पाठवत. परवा नवे साहेब भेटले. त्यांनी बाटली हुंगली, उजेडात धरली आणि हवालदाराला म्हणाले, "जमा करून घ्या. तपासायला पाठवू. रिपोर्ट येईल तेव्हा येईल."

सत्तारभाईंना हवं होतं ते उत्तर अखेर मिळणार होतं. मला वाटलं, आता ते साहेबांचे हात हातात घेतील. त्यांनी टेबलावरून बाटली उचलली आणि छातीशी घट्ट धरली.

"साहेब, मले ठेवा. शिशी घरी जाऊ द्या."

मग तेल कोणाचं, ते बाहेर आलं. त्यांच्या बायकोचं, जमिलाभाभींचं. संधिवाताने त्यांची बोटं वळली होती. गुन्हा निघालाच तर नाव आपलं असावं, म्हणून सत्तारभाईंनी गुडघे पुढे केले होते. ठाणेदारांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं, की आपण काही पाहिलेलं नाही. म्हणजे हो की नाही, ते याही वेळी कळलं नाही.

गाडीवर बसताना त्यांनी बाटली खिशात घातली. मग मागून म्हणाले, "मास्तर, तिनं काल सोताच्या हातानं वेनी घातली. आतावरी मीच घालून देत होतो. वाकडीच होये माह्याच्यानं. पन ती काई बोले नाई. तशीच दिवसभर फिरे."