जनरलाइज शब्दाने गाव घेरिले, ते लुडमिलाबाईंनी सोडविले

श्रीवाग्देवता प्रसन्न. शके सतराशे दोन, शार्वरीनाम संवत्सरे, स्लोवाक बोलणाऱ्या एका डोंगरी राज्यात जे वर्तले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले.

राज्याचे महाराज न्यायी, परंतु बहुत कोपिष्ट. त्यांचे दरबारी इंग्रजांचा वकील राहात असे. त्याचा आवडता घोडा ब्रेझिना गावच्या मतूश नामे गुराख्याने चोरिला, आणि दुसरे दिवशी चोरासुद्धा घोडा सापडला, आणि मग वकिलाने महाराजांस इंग्रजीत पत्र लिहिले की, "चोर एक निघाला. त्यावरून जनरलाइज करणे आम्हांस शोभत नाही." पत्र थोरले दुभाषी ओंद्रेयपंत यांनी वाचिले. जनरल म्हणजे सेनापती इतके पंतांस ठाऊक. मग त्यांनी अर्थ सांगितला, "वकील म्हणतात, आमचा सेनापती धाडणे आम्हांस शोभत नाही. अर्थात महाराजांनी आपला चोराचे गावावर धाडावा." महाराज संतापले आणि हुकूम जाहला की ब्रेझिना जाळावे. तोफा जुंपिल्या, आणि साठ उंबऱ्यांचे गाव घेरिले.

दरबारी शिवणकाम करणाऱ्या लुडमिलाबाई त्याच गावच्या. पूर्वी बारा वर्षे इंग्रज व्यापाऱ्याचे घरी चाकरीस होत्या. त्यांनी पत्रातील शब्द ऐकिला, हातची सुई टाकिली आणि थेट सदरेवर आल्या. म्हणाल्या, "महाराज, अर्थ चुकला. एकाने केले ते सर्वांनी केले म्हणणे, याचे नाव जनरलाइज. वकीलसाहेबांस बोलावून विचारावे."

पंत म्हणाले, "ऐसा शब्द आपले भाषेत नाहीच!"

"नसेल तर करू," बाई म्हणाल्या. "व्शे म्हणजे सर्व, ओबेत्स म्हणजे गाव. सर्व गावाचे ते व्शेओबेत्स्नी, हे तर आपण नित्य बोलतो. एकाचे ते सर्व गावाचे करणे, ते झोव्शेओबेत्स्नित्!"

मग वकिलास आणिले, आणि बाईंनी त्यास इंग्रजीत पुसिले, आणि तोफा निघाल्याचे कळताच वकिलाचा चेहरा पांढरा पडिला. टोपी काढून तो मोडक्या स्लोवाकीत ओरडला, "गाव नको! चोर एक! मी गाव राखा म्हणून लिहिले!"

तत्क्षणी स्वार सुटले आणि वेढा उठविला. तोफेस बत्ती लागावयाची होती, तो हुकूम पोहोचला, आणि माणसे तोफेपुढेच नाचो लागली.

इकडे महाराजांचा कोप पंतांवर वळला. "दुभाषी सारेच लबाड! एकूण एक काढून टाका!"

बाई हात जोडून म्हणाल्या, "महाराज, हेच ते झोव्शेओबेत्स्नित्."

महाराज पोट धरून हसो लागले. ओंद्रेयपंतांचे डोळे भरून आले. त्यांनी आपली लेखणी बाईंपुढे ठेविली आणि म्हणाले, "चूक माझी एकट्याची. आजपासून मज इंग्रजी शिकवावी." महाराजांनी शब्द उच्चारून पाहिला, दोनदा जीभ अडखळली, तिसरे वेळी साधला, आणि नगारे झडले. बाईंस पालखी व दुभाषेपणाची वस्त्रे दिली. मतूशास एकट्यास सहा मास बंदी जाहली.

येणेप्रमाणे गाव वाचले, भाषेस शब्द मिळाला, आणि सुईवाल्या बाईंची फत्ते जाहली. इति.